विज्ञानाच्या बातमीवर पहिल्याच दिवशी मत द्यावं का?

दुर्बीण (धागाकर्ती)

जुलै २०२३ मधलं एलके-९९ चं वादळ बहुतेकांना आठवत असेल. दक्षिण कोरियातल्या एका गटाने २२ जुलैला अर्काइव्ह या संकेतस्थळावर दोन प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षण व्हायच्या आधीचे निबंध, टाकले. शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन असलेला हा पदार्थ साध्या तापमानाला, साध्या हवेच्या दाबाला अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा) आहे, अगदी १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक राहतो, असा दावा होता. पीअर रिव्ह्यू, म्हणजे इतर तज्ज्ञांकडून परीक्षण, झालेला नव्हता. तरी दोन-तीन दिवसांत मतांचा पूर आला. एकीकडे 'ऊर्जेचा प्रश्न सुटला', दुसरीकडे 'सगळी बनवाबनवी आहे'. ऑगस्टच्या मध्यापर्यंत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने त्या पदार्थाचे शुद्ध स्फटिक वाढवून तपासले. अतिवाहक सोडाच, तो चक्क विद्युतरोधक निघाला.

मला छळतं ते पुढचं. जुलैमध्ये छातीठोकपणे बोलणारे ऑगस्टमध्ये कुठेच दिसले नाहीत. 'प्रश्न सुटला' म्हणणारे नाहीत आणि 'बनवाबनवी' म्हणणारेही नाहीत. तोवर सगळे पुढच्या बातमीवर तावातावाने बोलत होते.

म्हणून माझं म्हणणं असं की विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मोठ्या बातमीवर पहिल्या दिवशी मत देऊच नये. वाचावं, खूण करून ठेवावी आणि महिनाभर गप्प बसावं. पटतंय का?

चक्रधर

महिनाभर गप्प? मग धागे कोण काढणार? :)

शंकासुर

भावना पोचल्या, पण हा महिना आला कुठून? काही दाव्यांचा निकाल आठवड्यात लागतो, काहींना दहा वर्षं लागतात. कॅलेंडर बघून मत द्यायचं हे काही पटत नाही.

भट्टीवाली

दुर्बीण, कळकळ पोचली, पण 'गप्प बसा' याला माझा ठाम विरोध.

मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते. तो निबंध आला तेव्हा आम्हा सगळ्यांचं लक्ष आधी कृतीकडे गेलं. लॅनार्काइट (शिशाचं एक संयुग) आणि कॉपर फॉस्फाइड कुटून एकत्र करायचं, निर्वात केलेल्या क्वार्ट्झच्या नळीत बंद करायचं आणि ९२५ अंशांवर पाच ते वीस तास तापवायचं. बऱ्यापैकी भट्टी असलेल्या कुठल्याही प्रयोगशाळेला हे जमण्यासारखं होतं. एरवी अतिवाहकतेचे मोठे दावे हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये प्रचंड दाब देऊन केलेले असतात आणि ते तपासण्याची सोय जगात मोजक्या ठिकाणी आहे. इथे मात्र कोणीही करून बघू शकत होतं. लोकांनी ते केलं, कारण गलका झाला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपासून चीन, अमेरिका, युरोपपर्यंत भट्ट्या पेटल्या आणि महिन्याच्या आत निकाल लागला. गलका नसता तर कदाचित दोन वर्षं लागली असती.

आता मोजमापाबद्दल, कारण चूक कशी होते हे कळल्याशिवाय मत कशाच्या जोरावर देणार? अतिवाहक म्हणजे रोध शून्य. रोध मोजायला नमुन्यावर एका ओळीत चार ठिपके द्यायचे, चांदीच्या पेस्टने तारा चिकटवायच्या. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन तारांमधलं विभवांतर मोजायचं. हे नमुने राखाडी-काळे, ठिसूळ आणि सच्छिद्र असतात. तार ओढली गेली की ठिपक्यासकट कपचा निघून येतो. आतला एखादा ठिपका अर्धवट चिकटलेला असेल तर मीटरवरचा आकडा शून्याच्या आजूबाजूला नाचत राहतो. त्यातच आलेखाचा उभा अक्ष मोठा घेतला की साध्या तांब्याची रेघही शून्यावर झोपलेली दिसते. म्हणून 'आलेख शून्यावर गेला' एवढ्याने आमच्या क्षेत्रातलं कोणी उठून उभं राहत नाही. शून्य म्हणजे कितीपेक्षा कमी, हे आधी विचारायचं.

शेवटी सापडलेलं कारण फार सुंदर आहे. नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ राहिली होती. सुमारे १०४ अंशांना त्याची स्फटिकरचना बदलते आणि रोध एकदम घसरतो. मूळ निबंधातली घसरण नेमकी तिथेच होती. अतिवाहक चुंबकावर तरंगतो, त्याचा पुरावा म्हणून तरंगणाऱ्या तुकड्याचा जो व्हिडिओ फिरला, त्यात तुकड्याची एक कड चुंबकाला टेकलेलीच होती. तेवढं तर साधं चुंबकत्वही करतं.

पीअर रिव्ह्यूचं म्हणाल तर त्याच वर्षी मार्चमध्ये 'नेचर' या नियतकालिकात ल्युटेशियम हायड्राइडच्या अतिवाहकतेचा दावा रीतसर परीक्षण होऊन छापून आला. नोव्हेंबरमध्ये तो मागे घेतला गेला. म्हणजे बिनपरीक्षणाचा दावा महिन्यात निकालात निघाला आणि परीक्षण झालेला आठ महिने उभा राहिला.

सहजच

भट्टीवाली ताई, दंडवत. ठिपक्यासकट कपचा निघून येतो हे वाचून आपण बातमी किती वरवर वाचतो ते कळलं.

कणाद_२

+१. पहिल्या दिवशीचं मतसुद्धा मोलाचं असू शकतं, याचं माझं लाडकं उदाहरण देतो.

सप्टेंबर २०११. ऑपेरा प्रयोगाने सांगितलं की सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण ७३० किलोमीटरवरच्या, इटलीतल्या ग्रान सास्सोला प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. दुसऱ्या दिवशी जगभर 'आइन्स्टाइन चुकला'. त्या गोंधळात काही लोकांनी ताबडतोब एक साधा हिशोब मांडला. १९८७ मध्ये एका ताऱ्याचा स्फोट दिसला होता, सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षांवर. त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या जेमतेम तीन तास आधी पोचले, आणि तेही ताऱ्याच्या पोटातून प्रकाश बाहेर पडायला वेळ लागतो म्हणून. ऑपेराचा वेग खरा धरला तर ते चार वर्षं आधी यायला हवे होते. दोन्हीकडच्या न्यूट्रिनोंची ऊर्जा वेगळी, त्यामुळे हा शेवटचा घाव म्हणता येणार नाही. पण शंका कुठे धरायची हे त्यातून नेमकं कळत होतं.

पुढे कारण निघालं एक सैल बसलेली ऑप्टिकल फायबरची जोडणी. जून २०१२ मध्ये मोजमापं पुन्हा जाहीर झाली आणि न्यूट्रिनो मुकाट्याने प्रकाशाच्या मर्यादेत आले.

ऑपेराच्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. महिनोन्‌महिने त्यांनी स्वतःच चूक शोधली, सापडेना तेव्हा आकडे सगळ्यांसमोर ठेवले आणि तपासा म्हणाले. त्यांच्यावर जी टिंगलटवाळी झाली तिचा मला आजही राग येतो.

नाडी

दुर्बीण, तुमचा नियम माझ्या पेशात पाळला तर माणसं मरतील. जरा कडक वाटेल, पण लिहिते.

१६ जून २०२० ला ब्रिटनमधल्या रिकव्हरी या औषधचाचणीवाल्यांनी जाहीर केलं की डेक्सामेथासोन या औषधामुळे व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ऑक्सिजनवर असलेल्यांचे पाचव्या हिश्शाने. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नाही त्यांना फायदा नाही. त्या दिवशी हातात होतं फक्त निवेदन, निबंधाचा पत्ता नव्हता. तरीही ब्रिटनमध्ये त्याच दिवशी औषध वापरात आलं. औषध जुनं, स्वस्त, सगळीकडे मिळणारं. महिना थांबायचं कोणासाठी?

त्याच महिन्यातली दुसरी बातमी बघा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाने कोविड रुग्णांचे मृत्यू वाढतात असा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला मोठा निबंध ४ जूनला मागे घेतला गेला, कारण ज्या रुग्णालयांची माहिती वापरल्याचं सांगितलं ती माहिती लेखकांनाही तपासायला मिळेना. जगातल्या काही चाचण्या तोवर त्या निबंधामुळे थांबवल्या गेल्या होत्या.

दोन्ही बातम्या ताज्या, दोन्ही मोठ्या नावांच्या. फरक तारखेत नव्हता. पहिलीत रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेने केलेली, चाचणीचा आराखडा आधीच जाहीर, काम कोण करतंय ते सगळ्यांना ठाऊक. दुसरीत कच्ची माहिती कोणी पाहिलेलीच नाही.

त्या काळात नातेवाईक वॉर्डच्या दाराशी मोबाईल पुढे करायचे. 'डॉक्टर, हे बघा, हे का देत नाही?' स्क्रीनवर चार ओळींचा फॉरवर्ड. घाबरलेल्या माणसाला 'महिनाभर थांबा' म्हणता येत नाही. मी एवढंच विचारायचे की हे किती जणांना दिलं, आणि ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं ते यात लिहिलंय का. बहुतेक वेळा लिहिलेलं नसायचं, आणि मग आमचं बोलणं शांतपणे व्हायचं.

वाचनमात्र

नाडी, प्रतिसाद जपून ठेवलाय. 'ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं' हा प्रश्न मी आता सगळीकडे विचारणार.

रात्रपाळी

वृत्तपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं आहे, तेव्हा आमची बाजूही मांडतो.

वृत्तसंस्थेची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, येतो बाराशे शब्दांचा. जागा असते तीनशेची. कॉपी खालून कापायची, हा छापखान्याच्या काळापासूनचा रिवाज. आता शास्त्रज्ञांची सावध वाक्यं कुठे असतात? सहाव्या-सातव्या परिच्छेदात. 'प्रयोग उंदरांवर झाला', 'नमुना लहान होता', 'दुसऱ्या गटाने अजून पडताळलेलं नाही' हे सगळं पहिल्या कात्रीत जातं. उरतो तो दावा. आणि शीर्षक देणारा माणूस रात्री साडेअकराला ते उरलेलंच वाचतो. मी नवीन मुलांना सांगतो की कापायचंच असेल तर विद्यापीठाच्या कुलगुरूंचं अभिनंदन कापा, उंदीर ठेवा.

पण सगळं खापर आमच्या डोक्यावर फोडू नका. २०१४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली. ४० टक्के पत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा फुगवलेला होता. प्राण्यांवरच्या निष्कर्षांवरून माणसांबद्दल केलेली वाढीव विधानं ३६ टक्क्यांत. म्हणजे फुगा विद्यापीठातूनच फुगून येतो. पत्रक सावध होतं तिथे बातम्याही बऱ्याच सावध होत्या.

तर्कटी

सावधपणाचं कौतुक चाललंय, मी दुसरी बाजू घेतो. पहिल्या दिवशी 'शक्यच नाही' म्हणणारे तज्ज्ञ काय कमी नुकसान करतात?

डॅन शेख्टमन यांना एप्रिल १९८२ मध्ये ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूने इलेक्ट्रॉनच्या झोतात उमटवलेल्या ठिपक्यांत दहा पदरी सममिती (दहाव्या हिश्शाने फिरवलं तरी नक्षी तशीच) दिसली. स्फटिकांत असं असूच शकत नाही, असं तेव्हाचं पाठ्यपुस्तक सांगत होतं. त्यांना संशोधनगट सोडायला सांगितलं. निबंध छापून यायला १९८४ उजाडलं. लायनस पॉलिंगसारखा दोन नोबेल मिळवलेला माणूस शेवटपर्यंत विरोधात राहिला. २०११ मध्ये शेख्टमन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा 'बनवाबनवी आहे' म्हणणाऱ्यांचीही खबर घ्या की.

विदावती

तर्कटी, शेख्टमन यांचं उदाहरण दर वेळी येतं आणि दर वेळी अर्धंच सांगितलं जातं. लोक हसले म्हणून ते बरोबर ठरले नाहीत. दुसऱ्या प्रयोगशाळांनी तोच मिश्रधातू करून पाहिला आणि त्यांनाही तेच ठिपके दिसले, म्हणून ते बरोबर ठरले. ज्यांच्यावर लोक हसले आणि ज्यांचं खरंच काही नव्हतं, त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. त्यामुळे 'हसले म्हणजे नक्की काहीतरी असणार' हा हिशोब बसत नाही.

तर्कटी

हसण्याने खरं ठरतं असं मी म्हटलेलंच नाही. हसण्याने एका माणसाची दोन-अडीच वर्षं गेली, हा माझा मुद्दा आहे आणि तो तसाच आहे.

विदावती

तेवढ्यापुरतं सहमत.

जुनेजाणते

समाजमाध्यमांवर खापर फोडणाऱ्यांसाठी. २३ मार्च १९८९, युटा विद्यापीठाची पत्रकार परिषद. पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी टेबलावरच्या काचपात्रात शीत संमीलन, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवणं, केल्याचं जाहीर केलं. तेव्हा ना फेसबुक ना व्हॉट्सॲप. निबंधाच्या प्रती फॅक्सवरून फिरत होत्या, प्रत्येक फॅक्सला अक्षरं आणखी पुसट. जगभर लोक त्या प्रयोगाला लागणाऱ्या पॅलेडियम धातूच्या कांड्या शोधत हिंडत होते. १ मे रोजी बाल्टिमोरला अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या सभेत या दाव्याची चिरफाड झाली. पाच-सहा आठवड्यांत सगळं वर चढलं आणि खाली आलं. माणूस तोच आहे, फक्त फॅक्स गेला.

चक्रधर

अवांतर: संमीलनावरून आठवलं, डिसेंबर २०२२ ची ती 'टाकली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली' वाली बातमी खरी होती की तीही गेली?

कणाद_२

अगदी खरी. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत ५ डिसेंबर २०२२ ला २.०५ मेगाजूल लेझर ऊर्जा लक्ष्यावर पडली आणि ३.१५ मेगाजूल बाहेर आली. पण तो लेझर झोत तयार करायला विजेच्या जाळ्यातून सुमारे ३०० मेगाजूल घेतले गेले. म्हणजे भौतिकशास्त्राचा टप्पा गाठला, वीजकेंद्र अजून फार लांब. बातमी खरी, आणि तिच्यावरून काढलेला 'आता वीज फुकट' हा अर्थ खोटा.

मृण्मयी

मला लघुग्रहाचं विचारायचंय. २०२४ वायआर४. तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारी २०२५ मध्ये एक टक्का, मग दोन, मग फेब्रुवारीत ३.१ टक्के, आणि आठवड्याभरात जवळजवळ शून्य. आमच्या घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, 'आधी घाबरवलं आणि मग दाबलं.' मला उत्तर देता आलं नाही. वाढत वाढत जाऊन एकदम शून्य कसं होतं?

वेधशाळा

मृण्मयी, प्रश्न अतिशय रास्त आहे. नीट समजावून सांगतो.

हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ ला सापडला. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीजवळून जाणार हे कळलं, पण नेमका कुठून, ते सुरुवातीच्या थोड्या निरीक्षणांवरून सांगता येत नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी तो जिथे जिथे असू शकेल अशा सगळ्या जागांचा एक लांबलचक पट्टा काढला जातो. पृथ्वी त्या पट्ट्यात कुठेतरी असते. समजा पट्टा पृथ्वीच्या शंभर व्यासांइतका लांब आहे. मग आदळण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात एक. नवीन निरीक्षणं आली, पट्टा आखडून तेहतीस व्यासांवर आला, पृथ्वी अजून आतच. आता शक्यता तेहतिसात एक, म्हणजे तीन टक्के. लघुग्रह तसूभरही जवळ आलेला नाही, फक्त आपलं अज्ञान कमी झालं. आणखी निरीक्षणं आली, पट्टा आणखी आखडला आणि पृथ्वी त्याच्या टोकाबाहेर पडली. शक्यता शून्य.

म्हणजे चुकणारा लघुग्रहसुद्धा आधी वाढती शक्यता दाखवूनच मग शून्यावर जातो. जे घडलं ते अपेक्षित होतं आणि रोजचे आकडे सगळ्यांसाठी खुले होते. दाबायचंच असतं तर १८ फेब्रुवारीचे ३.१ टक्के कोणी कशाला छापले असते? घरी कागदावर पट्टा काढून दाखवा, पटेल.

मृण्मयी

रात्री कागदावर काढून दाखवलं. सासऱ्यांनी स्वतः पेन्सिल घेऊन पट्टा आखूड करत नेला आणि म्हणाले, मग त्यांनी हे चित्रच का छापलं नाही? खूप धन्यवाद, वेधशाळा.

रात्रपाळी

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. हे चित्र छापायला हवं होतं, आणि ती आमचीच जबाबदारी होती.

रूटयूझर

तंत्रज्ञानाच्या बातम्यांत तर दिवस कशाला, पहिला तासच वाईट असतो. १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळ, बँका, रुग्णालयं ठप्प झाली तेव्हा पहिल्या तासात हमखास ऐकू येत होतं ते 'सायबर हल्ला' आणि मग कोणत्या देशाने केला त्याची नावं. प्रत्यक्षात एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट. सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. हल्ल्याचं नाव घेणाऱ्यांकडे पुरावा शून्य होता, पण शत्रू देश मात्र तयार होता. अशा वेळी मत देण्याने नुकसान होतं, कारण त्या मतातून द्वेष पसरतो. इथे मी दुर्बीण यांच्या बाजूने.

शंकासुर

एआयबद्दल कोणी बोललं नाही अजून. २०१६ मध्ये एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणं आताच थांबवा, पाच वर्षांत, फार तर दहात, यंत्र त्यांच्याहून सरस होईल. त्यांना पुढे २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे माणूस साधा नाही. पण अशा भाकितावर पहिल्या दिवशीच काय, पहिल्या वर्षीही प्रतिक्रिया कशी द्यायची?

नाडी

रेडिओलॉजिस्ट आहेत आणि त्यांच्यापुढे स्कॅनचा ढीग वाढतोच आहे. यंत्र मदत करतं, काही ठिकाणी फार चांगली करतं. पण रेडिओलॉजिस्टचं काम फक्त चित्रात गाठ शोधणं नसतं. जुना स्कॅन शेजारी ठेवून बघणं, रुग्णाचा इतिहास विचारणं, 'हे शस्त्रक्रियेचे व्रण आहेत, आजार नव्हे' हे सर्जनला फोन करून सांगणं, हे सगळं त्यात येतं. हिंटन यांना यंत्राबद्दल जेवढं कळतं तेवढं त्या खोलीतल्या कामाबद्दल कळत असेलच असं नाही. भाकीत करणारा कोणत्या विषयातला जाणकार आहे हे बघायला हवं. तारीख मात्र मी लिहून ठेवलीय, दहावं वर्ष २०२६.

अक्षरओळख

इतका वेळ वाचत होते. मी भाषा शिकवते, गणिताशी संबंध शाळेतच सुटला. एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी या ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा मिळाल्याची बातमी आली. तिच्यात 'तीन सिग्मा' आणि '०.३ टक्के' असं काही होतं. वर्गात एका मुलीने विचारलं, 'म्हणजे ९९.७ टक्के तिथे कोणीतरी आहे ना?' मला हो वाटत होतं आणि तरीही हो म्हणवेना. माझ्यासारखीने काय करायचं?

विदावती

तुम्हाला हो म्हणवेना, हे फार बरं झालं. त्या मुलीचं वाक्य जगभरच्या कितीतरी मोठ्या माणसांनीही उच्चारलं.

१२४ प्रकाशवर्षांवरच्या त्या ग्रहाचं वातावरण वेब या अवकाश दुर्बिणीने पाहिलं. केंब्रिजच्या गटाला त्यात डायमिथाइल सल्फाइडची किंवा त्याच्यासारख्या रेणूची खूण दिसली. पृथ्वीवर हा रेणू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. तीन सिग्मा आणि ०.३ टक्के ही एकच गोष्ट, आणि तिचा अर्थ एवढाच की तिथे हा रेणू नसताही निव्वळ योगायोगाने इतकी ठळक खूण दिसण्याची शक्यता ०.३ टक्के. रेणू असण्याची शक्यता ९९.७ टक्के असा त्याचा अर्थ होत नाही, आणि जीव असण्याची तर मुळीच नाही. मध्ये दोन पायऱ्या आहेत. खूण खरंच त्या रेणूची आहे का, ही पहिली. माहिती तीच ठेवून इतर गटांनी इतर रेणूंचाही विचार केला तेव्हा खूण फिकी पडली. रेणू असेल तर तो जीवांनीच केला का, ही दुसरी. हाच रेणू ६७पी धूमकेतूवरही सापडलाय आणि तिथे कोणी राहत नाही.

तीन सिग्माला भौतिकशास्त्रज्ञ इतके कचरतात त्याला कारण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्नच्या आकड्यांत ७५० जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) इतक्या ऊर्जेला एक उंचवटा दिसला. नव्या कणाच्या आशेने सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी काही महिन्यांत शेकडो निबंध लिहिले. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त आकडे आल्यावर उंचवटा गायब. म्हणजे घाई फक्त आपण वाचक करतो असं नाही.

तुमच्या विद्यार्थिनीला सांगा की तिथे काय आहे ते अजून ठरलेलं नाही, आणि ते कसं ठरवतात हे शिकायचं असेल तर तिने अवश्य या वाटेने यावं.

अक्षरओळख

शेवटचं वाक्य तिला जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

वेधशाळा

जाता जाता, थांबण्याची दोन उदाहरणं शेजारी ठेवण्यासारखी आहेत. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेला गुरुत्वलहर (अवकाशातली लाट) १४ सप्टेंबर २०१५ ला मिळाली. आतून बातमी फुटत होती, अफवा उडत होत्या, तरी त्यांनी पाच महिने तपासलं आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला सांगितलं. त्याआधी मार्च २०१४ मध्ये बायसेप-२ या दुर्बिणीवाल्यांनी विश्वाच्या जन्मकाळच्या गुरुत्वलहरींची खूण मिळाल्याचं वाजतगाजत जाहीर केलं. प्लांक उपग्रहाची माहिती जोडून पाहिल्यावर, जानेवारी २०१५ मध्ये, ती खूण आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीनेही समजावता येते असं दिसलं. दोन्ही गटांत तोलामोलाची माणसं. पहिल्यांनी आपल्या यंत्रातल्या प्रत्येक खडखडाटाचा हिशोब बोलण्याआधी लावला होता.

दुर्बीण (धागाकर्ती)

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. नाडी आणि भट्टीवाली यांच्यानंतर 'महिनाभर गप्प' हा आग्रह मी सोडते. प्रश्न विचारणारी, हिशोब मांडणारी प्रतिक्रिया पहिल्या तासातही यावी.

पण माझा मूळ सल तसाच आहे आणि त्यावर फारसं कोणी बोललेलं नाही. निकाल लागल्यावर परत कोण येतं? १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये बारा मुलांवरचा एक निबंध आला आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला गेला. तो मागे घेतला गेला फेब्रुवारी २०१० मध्ये. बारा वर्षं! त्या बारा वर्षांत कितीतरी आईबापांनी मुलांना लस दिली नाही, गोवर परत आला. निबंध मागे घेतल्याची बातमी त्या सगळ्यांपर्यंत पोचली का? आजही तीच भीती नव्या आईबापांच्या कानावर येते. पहिली बातमी जो पुढे पाठवतो त्याने निकालही त्याच लोकांना पाठवला पाहिजे. हे मी अगदी निक्षून म्हणतेय.

वाचनमात्र

+१००

रात्रपाळी

दुर्बीण, आमच्याकडे याला जागा नाही हे दुःख आहे. दावा पहिल्या पानावर, खंडन नवव्या पानावर एका कॉलमात, तेही जाहिरात आली नाही तर. पुढच्या संपादकीय बैठकीत मी हे बोलणार आहे. आपण छापलेल्या मोठ्या दाव्यांची वही ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी त्यांचं काय झालं ते एका चौकटीत द्यायचं. जागा मी भांडून घेईन.

शंकासुर

वहीत पहिली नोंद मी सुचवतो. डिसेंबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोनो लेक तळ्यातल्या जिवाणूंची बातमी आली होती, फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर जगणारे. २०१२ मध्ये दोन गटांनी ते खोडून काढलं. मूळ निबंध 'सायन्स' या नियतकालिकाने मागे घेतला थेट जुलै २०२५ मध्ये. लेखकांनी लबाडी केल्याचा आरोप नाही, त्यांना हा निर्णय मान्यही नाही. मला स्वतःला तो निर्णय पटलेला नाही. प्रामाणिक चूक खोडली गेली की झालं, निबंध राहू द्यावा. नाहीतर उद्या धाडसी काही छापायला कोणी धजणार नाही.

विदावती

मला पटलाय. निष्कर्ष उभा राहत नाही हे २०१२ मध्येच कळलेलं असताना पाटी लावायला इतका उशीर व्हायला नको होता. नवीन विद्यार्थ्याच्या हाती आधी मूळ निबंध पडतो, खंडन कधी पडतच नाही.

भट्टीवाली

यावर वेगळा धागा काढा, शंकासुर. बरंच बोलायचंय. आमच्या क्षेत्रात मागे घेतलेल्या निबंधांवरून आजही नमुने भाजले जातात.

शंकासुर

काढतो. दुवा इथेच देईन.